एक्स्टर्नल हार्ड डिस्क कधी झोपवायची, कधी जागी ठेवायची: छोट्या स्क्रिप्टबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालच्या सगळ्या कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत टाइप करायच्या. कॅपिटल अक्षर लागतं तिथे तसं स्पष्ट सांगितलं आहे, त्याकडे लक्ष द्या. एकाच अक्षराच्या लहान-मोठ्या रूपाने इथे कामच बदलतं. उदाहरणांत डिस्कचं नाव ‘/डेव्ह/एसडीबी’ धरलं आहे. तुमच्याकडे ते वेगळं असू शकतं, म्हणून आधी ‘एलएसबीएलके’ चालवून नाव बघून घ्या.

डिस्क झोपते म्हणजे नेमकं काय होतं?

मोटर थांबते आणि हेड तबकड्यांवरून बाजूला जाऊन बसतात. सर्किट आणि यूएसबी जोडणी चालूच राहते, म्हणून डिस्क संगणकावर दिसत राहते. पुढची फाइल मागितली की मोटर पुन्हा वेग घेते. त्याला अडीच इंची डिस्कला साधारण ३ ते ५ सेकंद आणि साडेतीन इंचीला ८ ते १५ सेकंद लागतात. तेवढ्या वेळात व्हिडिओ अडतो, फोल्डर उघडत नाही आणि माणसाला वाटतं की डिस्क गेली. गेलेली नसते, उठत असते.

झोपायची वेळ ठरवतं कोण?

सगळा गोंधळ इथूनच सुरू होतो, कारण ठरवणारे तीन आहेत आणि ते एकमेकांना विचारत नाहीत.

पहिली ऑपरेटिंग सिस्टिम. विंडोज आणि मॅक यांचं स्वतःचं घड्याळ असतं. तेवढा वेळ काही काम आलं नाही, तर ते डिस्कला थांबायला सांगतात. लिनक्स आपणहून असं काही करत नाही, तिथे आपल्यालाच सांगावं लागतं.

दुसरी केसमधली चिप. यूएसबीची भाषा डिस्कच्या साटा भाषेत आणणारी ही चिप एनक्लोजरच्या, म्हणजे डिस्कच्या केसच्या, छोट्या बोर्डावर बसलेली असते. बऱ्याच तयार डिस्कमध्ये आणि डॉकमध्ये तिच्यात टाइमर पक्का भरलेला असतो.

तिसरी डिस्क स्वतः. तिच्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे तिच्या आतच भरलेल्या प्रोग्रॅममध्ये, स्टँडबाय टाइमर असतो. शिवाय एपीएम नावाची वीज वाचवण्याची पातळी असते.

तिघांपैकी ज्याची मुदत सर्वांत लहान, त्याचं म्हणणं चालतं. विंडोजमध्ये ‘कधीच नाही’ निवडूनही डिस्क १० मिनिटांनी झोपत असेल, तर ते चिपचं किंवा डिस्कचं काम आहे आणि विंडोजची सेटिंग कितीही वेळा बदलली तरी फरक पडणार नाही. म्हणून स्क्रिप्ट लिहिण्याआधी घड्याळ लावून बघा. डिस्कला हात लावू नका आणि किती मिनिटांनी मोटरचा आवाज बंद होतो ते तीनदा मोजा. दर वेळी नेमकी तीच वेळ आली तर कुठला तरी टाइमर आहे. वेळ दर वेळी वेगळी आली तर मधूनमधून कोणीतरी डिस्क वापरत आहे.

डिस्क झोपली आहे की जागी, हे तिला न उठवता कसं कळेल?

लिनक्समध्ये ‘सुडो एचडीपार्म -सी /डेव्ह/एसडीबी’, यातला सी कॅपिटल. एचडीपार्म हे डिस्कच्या सेटिंग बघायचं आणि बदलायचं साधन, आणि ‘सुडो’ म्हणजे कमांड रूटच्या, म्हणजे मुख्य वापरकर्त्याच्या, अधिकाराने चालवणं. उत्तर ‘स्टँडबाय’ किंवा ‘अॅक्टिव्ह/आयडल’ असं येतं. या विचारण्याने डिस्क उठत नाही. उत्तर ‘अननोन’ आलं किंवा डिस्क घुमत असताना ‘स्टँडबाय’ आलं, तर मधली चिप प्रश्न पुढे नीट पोचवत नाही असं समजा.

मग एक साधी चाचणी उरते. तिने डिस्क उठते, पण खरं कळतं: ‘टाइम डीडी आयएफ=/डेव्ह/एसडीबी ओएफ=/डेव्ह/नल बीएस=४०९६ काउंट=१ आयफ्लॅग=डायरेक्ट’, तीही सुडो लावून. ‘डायरेक्ट’ शब्द महत्त्वाचा. तो नसला तर उत्तर रॅममधूनच येतं आणि डिस्कपर्यंत काही जातच नाही. डिस्क जागी असेल तर वेळ सेकंदाच्या अगदी छोट्या भागात येतो, झोपलेली असेल तर काही सेकंद. दोन्हींतला फरक मोठा असतो, त्यामुळे सहसा चूक होत नाही.

साडेतीन इंची डिस्कच्या केसवर बोटं टेकवली तरी कळतं. फिरत असताना बारीक, एकसारखी थरथर लागते. थांबताना ती हळूहळू मंद होत जाते आणि शेवटी एक हलका ‘टक्’ येतो.

‘एचडीपार्म -एस ३०’ दिलं, तर डिस्क ३० मिनिटांनी का झोपत नाही? अडीच मिनिटांतच झोपते.

कारण तो आकडा मिनिटांचा नाही. सर्वांत जास्त लोक इथेच अडकतात, म्हणून सविस्तर सांगतो. (इथला एस कॅपिटल.)

० म्हणजे टाइमर बंद. १ ते २४० हे आकडे ५ सेकंदांच्या पटीत मोजले जातात. म्हणजे ३० × ५ = १५० सेकंद, तुमची अडीच मिनिटं. १२० दिलं की १० मिनिटं, २४० दिलं की २० मिनिटं. २४१ पासून मोजमाप बदलतं आणि प्रत्येक पायरी अर्ध्या तासाची होते. २४१ म्हणजे ३० मिनिटं, २४२ म्हणजे १ तास, २४४ म्हणजे २ तास आणि २५१ म्हणजे साडेपाच तास. २५१ च्या वरच्या आकड्यांना वेगळे अर्थ आहेत, घरच्या वापरात त्यांच्या वाटेला जायचं कारण नाही.

तेव्हा अर्ध्या तासासाठी ‘सुडो एचडीपार्म -एस २४१ /डेव्ह/एसडीबी’. २५ मिनिटं या पद्धतीत बसतच नाहीत. नेमकी तेवढीच हवी असतील तर खालची स्वतःची स्क्रिप्ट वापरा.

ही सेटिंग पुन्हा पुन्हा पुसली का जाते?

डिस्कची वीज गेली की टाइमर विसरला जातो. केबल काढली, संगणक बंद केला, की संपलं. आपल्याकडे याचं एक खास रूप दिसतं. लाइट जाते, लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो, पण साडेतीन इंची डिस्कचा अडॅप्टर भिंतीत असतो, म्हणून ती बंद पडते. लाइट आली की डिस्क पुन्हा जोडली जाते, पण टाइमरशिवाय. संगणक रीस्टार्ट झालेलाच नसतो, म्हणून सुरुवातीला एकदा चालणारी स्क्रिप्ट पुन्हा चालत नाही.

उपाय म्हणजे डिस्क जोडली जाण्याच्या घटनेलाच कमांड बांधायची. डेबियन, उबुंटू आणि रास्पबेरी पाय ओएसमध्ये ‘/ईटीसी/एचडीपार्म.कॉन्फ’ ही फाइल त्यासाठीच आहे. त्यात ‘/डेव्ह/डिस्क/बाय-आयडी/’ खालचं डिस्कचं पूर्ण नाव लिहून महिरपी कंसात ‘स्पिनडाउन_टाइम = २४१’ अशी ओळ घाला. ‘एसडीबी’ नको, कारण आज एसडीबी असलेली डिस्क उद्या पेनड्राइव्ह आधी लावला तर एसडीसी होते. बाय-आयडीच्या नावात मॉडेल आणि सीरियल नंबर असतो, तो बदलत नाही.

लिनक्सच्या इतर प्रकारांवर (डिस्ट्रोंवर) ‘यूडेव्ह’चा नियम लिहा. जोडलेलं उपकरण ओळखण्याचं काम यूडेव्ह करतो. सीरियल नंबर जुळला की एचडीपार्म चालवायचं, एवढाच. यूडेव्हमधून सुरू केलेलं काम झटपट संपणारं असावं लागतं. सतत घुमणारी लूप तिथून सुरू केली तर यूडेव्ह ती मारून टाकतो आणि स्क्रिप्ट कधी चाललीच नाही असं वाटतं.

एचडीपार्म चूक दाखवतं किंवा काहीच होत नाही. आता?

‘बॅड/मिसिंग सेन्स डेटा’ असा संदेश आला तर चिपने कमांड पुढे पाठवली नाही. या क्रमाने बघा:

‘सुडो स्मार्टसीटीएल -डी सॅट -एस स्टँडबाय,२४१ /डेव्ह/एसडीबी’ करून पाहा. इथला डी आणि एस दोन्ही लहान. हाही तोच टाइमर लावतो, फक्त वेगळ्या दाराने जातो.

तेही नाही जमलं, तर टाइमर विसरा आणि थेट ‘थांब’ म्हणा: ‘सुडो एसडीपार्म --कमांड=स्टॉप /डेव्ह/एसडीबी’ किंवा ‘सुडो एसजी_स्टार्ट --स्टॉप /डेव्ह/एसडीबी’. ही स्कझी (डिस्कशी बोलायची आणखी एक भाषा) पद्धतीची आज्ञा असते आणि एचडीपार्मला दाद न देणाऱ्या अनेक चिप ती मानतात. ‘एचडी-आयडल’ हा छोटा प्रोग्रॅमही हेच करतो. तो दर काही सेकंदांनी वापर तपासतो आणि ठरलेला वेळ शांतता राहिली की थांबण्याची आज्ञा पाठवतो. त्याच्या पर्यायांत ‘-आय ० -ए एसडीबी -आय १८००’ लिहिलं, तर बाकी डिस्क तशाच राहतात आणि फक्त एसडीबी १,८०० सेकंदांनी झोपते. पहिला ‘-आय ०’ गाळला तर बाकीच्या डिस्कनाही मूळची १० मिनिटांची मुदत लागते.

आणि काही डिस्क टाइमर घेतात, पण एपीएमची पातळी आडवी येते. १२८ ते २५४ या पातळ्यांना मोटर थांबवायची परवानगी नसते. ‘एचडीपार्म -बी १२७’ (बी कॅपिटल) दिल्यावर मग टाइमर चालतो.

स्वतःची स्क्रिप्ट लिहायची असेल तर?

जरूर लिहा, दहा-बारा ओळींचं काम आहे आणि आपल्या घरच्या वापराला ती चपखल बसते.

कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, प्रत्येक डिस्कचा हिशोब ‘/सिस/ब्लॉक/एसडीबी/स्टॅट’ या फाइलमध्ये ठेवतो. ती ‘कॅट’ने उघडली की एकच ओळ दिसते, अशी: ४८२१ ११७ ३९०४१६ २९८८० ९६५ ४०२ आणि पुढे आणखी आकडे. पहिला आकडा पूर्ण झालेल्या वाचनांचा, पाचवा पूर्ण झालेल्या लेखनांचा. ही फाइल वाचल्याने डिस्कला धक्का लागत नाही, कारण ती मेमरीतच असते.

स्क्रिप्टने करायचं ते एवढंच. बाय-आयडीच्या नावावरून ‘रीडलिंक -एफ’ने सध्याचं अक्षर शोधायचं. स्टॅट फाइल नसेल तर डिस्क जोडलेली नाही, लगेच बाहेर पडायचं. ‘ऑक’ने पहिल्या आणि पाचव्या आकड्याची बेरीज काढायची, वरच्या ओळीत ती ५७८६ येते. मागच्या मिनिटाची बेरीज ‘/रन’ फोल्डरमधल्या फाइलमधून वाचायची. बेरीज तीच असेल तर मोजणी एकाने वाढवायची, बदलली असेल तर शून्यावर आणायची. मोजणी बरोबर १५ झाली की ‘सिंक’ चालवायचं (रॅममध्ये थांबलेलं लेखन ते डिस्कवर उतरवतं) आणि मग ‘एचडीपार्म -वाय’ (वाय लहान). ही स्क्रिप्ट रूटच्या क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) दर मिनिटाला लावली की १५ मिनिटांच्या शांततेनंतर डिस्क झोपते.

चुका कुठे होतात तेही बघून घ्या.

मोजणीची फाइल त्याच एक्स्टर्नल डिस्कवर ठेवली तर स्क्रिप्टच दर मिनिटाला डिस्कला हलवते. ‘/रन’ रॅममध्ये असतं, म्हणून तिथे.

अट ‘१५ किंवा जास्त’ अशी नको, ‘बरोबर १५’ हवी. नाहीतर झोपलेल्या डिस्कला रात्रभर दर मिनिटाला ‘झोप’ म्हटलं जातं आणि लॉग त्याच ओळींनी भरतो.

हाताने चालवली तर चालते, क्रॉनमधून नाही, ही तक्रार जवळजवळ नेहमी पाथची, म्हणजे कमांड कुठल्या फोल्डरमध्ये शोधायची याची, असते. क्रॉन बहुधा ‘/यूएसआर/बिन’ आणि ‘/बिन’ एवढंच शोधतो, तर एचडीपार्म ‘एसबिन’मध्ये असतं. ‘/यूएसआर/एसबिन/एचडीपार्म’ असा पूर्ण पत्ता लिहा.

आणि कॅपिटल वाय कधीही वापरू नका. ती ‘स्लीप’ अवस्था स्टँडबायपेक्षा खोल असते आणि रीसेट मिळाल्याशिवाय डिस्क उठत नाही. यूएसबी डिस्कवर याचा अर्थ अनेकदा केबल काढून पुन्हा लावणं असा होतो, तेही फाइल सिस्टिम जोडलेली असताना.

मला उलट हवं आहे. डिस्क झोपूच नये म्हणून काय करू?

आधी टाइमर बंद करून पाहा: लिनक्समध्ये ‘एचडीपार्म -एस ०’ (एस कॅपिटल), विंडोजमध्ये ‘पॉवरसीएफजी /चेंज डिस्क-टाइमआउट-एसी ०’, मॅकवर ‘सुडो पीएमसेट -ए डिस्कस्लीप ०’. चिपचा टाइमर तरीही चालत असेल, तर आधी डिस्कच्या कंपनीचं स्वतःचं सॉफ्टवेअर शोधा. वेस्टर्न डिजिटलच्या डिस्कना त्यांच्या ड्राइव्ह युटिलिटीजमधून स्लीप टाइमर बदलता येतो. ते नसेल तरच जागं ठेवणारी स्क्रिप्ट.

मोजलेल्या वेळेच्या निम्म्याहून थोडा कमी अंतराल ठेवा. १० मिनिटांनी झोपत असेल तर दर ४ मिनिटांनी. फाइल नुसती वाचून भागत नाही, दुसऱ्या वेळेपासून ती रॅममधूनच येते. एक छोटी फाइल लिहा आणि लगेच ‘सिंक’ करा.

लिनक्सवर लिहिण्याआधी ‘माउंटपॉइंट -क्यू’ने डिस्क खरंच जोडलेली आहे का ते तपासा. तपासलं नाही आणि डिस्क काढलेली असली, तर रूटची स्क्रिप्ट डिस्क जिथे जोडली जाते त्या रिकाम्या फोल्डरमध्ये, म्हणजे तुमच्या मूळ डिस्कवर किंवा रास्पबेरी पायच्या मेमरी कार्डावर लिहीत बसते.

विंडोजसाठी बॅच फाइलमध्ये एक ओळ पुरते: ‘इफ एक्झिस्ट ई:\जागी.टीएक्सटी’ असेल तर ‘एको %टाइम%’ त्याच फाइलमध्ये. फाइल आधी हाताने एकदा बनवून ठेवा. त्या अटीमुळे ई अक्षर कधी दुसऱ्याच पेनड्राइव्हला मिळालं तर त्यावर काही लिहिलं जात नाही. मग ‘एससीएचटास्क्स /क्रिएट /एससी मिनिट /एमओ ४’ याने ती दर ४ मिनिटांनी लावा. विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीपासून बाहेरच्या डिस्कना ‘क्विक रिमूव्हल’ धोरण मूळचंच आहे, म्हणून लिहिलेलं लगेच डिस्कवर जातं.

मॅकवर ‘लाँचडी’च्या (ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) फाइलमध्ये ‘स्टार्टइंटरव्हल’ २४० सेकंद ठेवा. २०१९ च्या कॅटालिनापासून बाहेरच्या डिस्कवर लिहायला परवानगी लागते. पहिल्या वेळी विचारणा आली आणि ती नाकारली गेली, तर स्क्रिप्ट गुपचूप अपयशी होत राहते.

सारखं झोपणं-उठणं डिस्कला वाईट का?

हो, आणि हिशोब केला की हे लगेच पटतं. ३ मिनिटांचा टाइमर आहे आणि कुठला तरी प्रोग्रॅम दर १० मिनिटांनी डिस्कला हात लावतो असं धरा. तासाला ६ वेळा, दिवसाला १४४ वेळा, वर्षाला ५२,५६० वेळा मोटर थांबून पुन्हा सुरू होते. जुन्या साडेतीन इंची डिस्कच्या माहितीपत्रकात ५०,००० वेळा थांबण्या-सुरू होण्याची मर्यादा सामान्य होती. नव्या डिस्कवर हेड उचलण्या-ठेवण्याची मर्यादा बहुधा ३,००,००० किंवा ६,००,००० अशी देतात, तरी प्रत्येक सुरुवातीला मोटरवर सर्वांत जास्त ताण येतो.

तीच डिस्क अर्ध्या तासाच्या टाइमरवर दिवसातून दोनदा वापरली, तर वर्षाला ७३० वेळा. दर १० मिनिटांनी कोणी हात लावत असेल तर तिला झोपवण्याचा आग्रहच सोडा, फिरू द्या.

डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते तिला ‘स्मार्ट’ म्हणतात. खरा आकडा तिथे, ‘सुडो स्मार्टसीटीएल -डी सॅट -ए’ मधून कळतो (ए कॅपिटल): ४ क्रमांकाची ओळ थांबण्या-सुरू होण्याची, १९३ क्रमांकाची हेडच्या फेऱ्यांची. आज लिहून ठेवा, ७ दिवसांनी पुन्हा बघा. कुठल्याही सल्ल्यापेक्षा हा फरक जास्त खरा. फक्त हे तपासणंच डिस्कला उठवतं. स्क्रिप्टमधून तपासायचं असेल तर ‘-एन स्टँडबाय’ जोडा, म्हणजे झोपलेल्या डिस्कला ते हात लावणार नाही.

वीज किती वाचते?

थोडीच. साडेतीन इंची डिस्क रिकामी फिरताना ५ वॅटच्या आसपास घेते, झोपेत १ वॅटहून कमी. रोज २० तास झोपली तर महिन्याला सुमारे २.४ युनिट. बिलापेक्षा आवाज आणि उन्हाळ्यात बंद कपाटातली उष्णता ही कारणं मोठी आहेत.

टाइमर बरोबर आहे, तरी डिस्क झोपत नाही किंवा मध्येच उठते. कोण उठवतं?

आधी नव्याने फॉरमॅट केलेली ईएक्सटी४ (लिनक्सची नेहमीची फाइल सिस्टिम) डिस्क आहे का ते आठवा. फॉरमॅट काही सेकंदांत संपल्यासारखा दिसतो, पण उरलेलं काम कर्नल मागे करत असतो. डिस्क कोण वापरतंय ते दाखवणाऱ्या ‘आयओटॉप’मध्ये ‘ईएक्सटी४लेझीइनिट’ हे नाव दिसलं तर मोठ्या डिस्कला काही तास द्या, आपोआप थांबेल.

नाहीतर ‘एफएट्रेस -सी’ (सी लहान) डिस्कच्या फोल्डरमध्ये उभं राहून चालवा आणि अर्धा तास तसंच ठेवा. कोणता प्रोग्रॅम कुठली फाइल उघडतो ते ओळीने दिसतं. नेहमीचे सापडणारे म्हणजे फाइल शोधयादी बनवणारा ‘अपडेटडीबी’ (त्याच्या कॉन्फ फाइलमध्ये ‘प्रूनपाथ्स’ला डिस्कचा पत्ता जोडा), जेलिफिन किंवा प्लेक्ससारख्या मीडिया सर्व्हरचं लायब्ररी स्कॅन, आणि ‘स्मार्टडी’ (त्यालाही ‘-एन स्टँडबाय’ द्या). माउंट करताना, म्हणजे डिस्क फोल्डरला जोडताना, ‘नोएटाइम’ दिलं, तर फाइल नुसती वाचल्यावर होणारं लेखनही टळतं.

मॅकवर स्पॉटलाइट आणि टाइम मशीन. स्पॉटलाइट ‘एमडीयूटिल -आय ऑफ’ आणि डिस्कचा पत्ता देऊन बंद होतं. विंडोजमध्ये ‘सेव्ह अॅज’ची खिडकी उघडली तरी सगळ्या ड्राइव्हची यादी बनते आणि झोपलेली डिस्क उठते, फाइल दुसरीकडे सेव्ह करायची असली तरीही.

रास्पबेरी पायवर डिस्क उठताना गायब होते.

बहुतेक वेळा वीज कमी पडते. अडीच इंची डिस्क सुरू होताना १ अँपिअरच्या आसपास ओढू शकते. पाय ४ च्या चारही यूएसबी पोर्टना मिळून १.२ अँपिअर मिळतात, आणि पाय ५ ला ५ अँपिअरचा अडॅप्टर नसेल तर फक्त ६०० मिलिअँपिअर. स्वतःचा अडॅप्टर असलेला यूएसबी हब लावा. तोवर टाइमर बंद ठेवा, कारण प्रत्येक उठणं म्हणजे फाइल सिस्टिम बिघडण्याची एक संधी.

एसएसडीला हे लागू आहे का?

नाही. तिच्यात फिरणारं काही नाही.

डिस्क काढण्याआधी झोपवणं पुरेसं आहे?

नाही. झोपलेली डिस्क अजून माउंट असते. आधी ‘यूमाउंट’, मग ‘यूडिस्क्सीटीएल पॉवर-ऑफ -बी /डेव्ह/एसडीबी’. थरथर पूर्ण थांबेपर्यंत १० सेकंद थांबा आणि मगच केबलला हात लावा. फिरत असताना केबल ओढली, तर हेडना उरलेल्या वेगावर घाईने मागे यावं लागतं. त्याची नोंद स्मार्टच्या यादीत १९२ क्रमांकाच्या ओळीत होते.